रात्री अकराची बाटली आधी सोड

*ताई, सप्रेम नमस्कार. मी विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव बीड जिल्ह्यात. आई-वडील दरवर्षी उसतोडीला जातात. आम्ही तिघं मित्र बेगमपुऱ्यात खोली करून राहतो. सकाळी लेक्चर, प्रॅक्टिकल. संध्याकाळी पाच ते दहा एका कुरिअरच्या गोदामात काम. दहाला सुटतो तेव्हा मेस बंद झालेली असते. मग वडापाव आणि वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली घेऊन खोलीवर येतो आणि अकरापासून तीनपर्यंत अभ्यास करतो. पहिल्या वर्षी फक्त परीक्षेपुरती घ्यायचो. आता सकाळी लेक्चरच्या आधी एक, गोदामात एक आणि रात्री अकराला एक अशा तीन होतात. शिवाय चार-पाच चहा. महिनाभरापासून रात्री आडवा झालो की छाती धडधडते. प्रॅक्टिकलला ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीची) चावी फिरवताना हात थरथरतो. सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा फार लाज वाटली. मध्यंतरी आई-वडिलांना भेटायला त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेलो होतो. तिथे दोन दिवस डोकं नुसतं ठणकत होतं. आई म्हणाली, ऊन लागलं असेल. रूममेट म्हणतो, हे चहासारखंच असतं, वाईट असतं तर सरकारने विकू दिलं असतं का? तो शनिवारी हेच दारूत मिसळून घेतो. धाकटा भाऊ लातूरला अकरावीला आहे, नीटचा क्लास करतो. त्यानेही हे सुरू केलंय. माझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. हे व्यसन आहे का? आता सोडलं तर परीक्षेचं काय होईल?*

*एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

प्रिय वाचका,

बाकीचं नंतर बोलू, आधी छातीचं. उद्या-परवा सकाळी घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात जा. बेगमपुऱ्यातून ते तुला जवळच आहे. केसपेपर काढ, मेडिसिनच्या ओपीडीत बस आणि डॉक्टरांना जे मला लिहिलंस तेच सगळं सांग: किती बाटल्या, किती चहा, किती झोप, रात्रीचं जेवण नाही. बाटल्यांचा आकडा कमी करून सांगू नकोस. तरुण पोरांची धडधड पुष्कळदा कॅफिन आणि जागरणाचीच असते, पण ती तशीच आहे हे ईसीजी पाहून डॉक्टरांनी ठरवायचं, तू किंवा मी नाही. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेलं असलं तरी छाती धडधडते आणि हात थरथरतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करायची का, तेही विचार. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल तर ते आवर्जून सांग. आणि कधी छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला झालं, तर सकाळची वाट बघू नकोस. रूममेटला उठव, १०८ ला फोन करा. लेक्चर बुडेल म्हणून हे पुढे ढकललंस तर मला राग येईल.

आता रूममेटचा प्रश्न, कारण तो अनेकांचा आहे. सरकार विकू देतं हे खरं, पण कशा अटीवर देतं ते बाटलीवरच छापलेलं असतं. आज टपरीवरून बाटली घेतलीस की पिऊ नकोस, मोबाइलचा टॉर्च लावून मागचं बारीक अक्षर वाच. आपल्याकडे अन्न सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एफएसएसएआयच्या नियमात या पेयाचं नाव ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’ असं आहे. एका लिटरमध्ये कॅफिन किमान १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम, ही त्याची चौकट. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफिन न सोसणारी माणसं यांच्यासाठी नाही, असं लिहावं लागतं. आणि दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये, हेही. तुझी बाटली अडीचशे मिलीची असेल, तर दोन बाटल्यांतच ही हद्द संपते. तू तिसरी पितोस ती कंपनीने स्वतः छापलेल्या सूचनेच्या पलीकडची आहे. रूममेटला एवढं एकच वाक्य वाचून दाखव.

चहाशी तुलना करायचीच, तर आकड्यांनी करू. कायद्याच्या वरच्या मर्यादेने धरलं तर अडीचशे मिलीच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असतं. घरच्या एक कप चहात साधारण ३० ते ५०, टपरीच्या छोट्या कपात त्याहून कमी. म्हणजे तुझ्या तीन बाटल्यांचे सव्वादोनशे आणि चार-पाच चहांचे दीडशेच्या आसपास. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मत दिलं. तू रोज त्याच्या काठावर उभा आहेस, आणि तेही धड न जेवता, धड न झोपता. शिवाय सोसणं माणसागणिक वेगळं असतं. एखाद्याला चारशेला काही होत नाही, दुसऱ्याचा हात दोनशेलाच थरथरतो. तुझा थरथरतो आहे. तुझ्यापुरता तोच आकडा खरा.

चहा आणि बाटली यांत आणखी एक फरक आहे. चहा गरम असतो, फुंकर घालत पितो, मित्रांबरोबर पाच-दहा मिनिटं जातात. बाटली थंडगार आणि गोड, कामाच्या धबडग्यात चार घोटांत संपते. साखरही बघ. काही डब्यांवर १०० मिलीला ११ ग्रॅम लिहिलेली सापडेल, म्हणजे अडीचशे मिलीत २७ ग्रॅमच्या वर, पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. तुझ्या बाटलीत कमी असेल कदाचित, पण वाचून तीनने गुणून बघ. बाकी टॉरिन आणि जीवनसत्त्वांची जी नावं पुढच्या बाजूला ठळक दिसतात, त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. टॉरिन आपलं शरीर स्वतः तयार करतं, आणि ब जीवनसत्त्वं गरजेपेक्षा जास्त झाली की बहुतेक लघवीवाटे निघून जातात. तुला जी तरतरी वाटते ती कॅफिनची आणि साखरेची.

ती तरतरी येते कशी, हे तू रसायनशास्त्राचा आहेस म्हणून थोडं नीट सांगते. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक जागांवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसलं की झापड येते. कॅफिनचा रेणू त्याच्याशी मिळताजुळता, म्हणून तो त्याच जागा अडवतो. अॅडिनोसिन तिथेच वाट पाहत असतं, मागे आणखी साठत असतं, फक्त तुला ते कळत नाही. थकवा तसूभरही कमी झालेला नसतो. तुझ्या घरात उचल कशी असते हे मी तुला सांगायला नको: हातात पैसा येतो तेव्हा बरं वाटतं आणि पुढचा सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. ही बाटलीही तुला उचलच देते, दुसऱ्या दिवशीच्या अंगातून. म्हणून सकाळी आणखी एक लागते, आणि एकाच्या तीन होतात. रोज कॅफिन मिळत राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि तेवढ्याच तरतरीसाठी जास्त मागतो.

आता तुझी रात्र बघ. प्रौढ माणसाच्या अंगातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. रात्री अकराला घेतलेल्या बाटलीतलं निम्मं पहाटे चारला तुझ्या रक्तात असतं. तू तीनला आडवा होतोस, छाती धडधडते, पडून राहतोस, आणि सात-साडेसातला उठतोस. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात झोपायच्या तब्बल सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी लोकांची झोप तासाभरापेक्षा जास्त कमी झाली. तुझा डोस त्याहून लहान आहे, पण तू तो झोपेच्या चार तास आधी घेतोस आणि दिवसभराचा साठा आधीच अंगात असतो. वाचलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत होतं. अकरा ते तीन तू जे वाचतोस त्यातलं सकाळी किती आठवतं, हे एकदा प्रामाणिकपणे तपासून बघ. पानं उलटली जातात, त्याचं समाधानही वाटतं, पण तुला पेपर लिहायचा आहे.

व्यसन आहे का, असं विचारलंस. कोपीवर दोन दिवस डोकं ठणकलं ना, ते उन्हाचं असण्यापेक्षा कॅफिन एकदम तुटल्याचं असण्याची शक्यता जास्त आहे. शेवटच्या घोटानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि हे दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतं. वैद्यकशास्त्रात याला रीतसर नाव आहे. म्हणजे तुझ्या शरीराला सवय लागली आहे हे खरं. पण दारू-गुटख्याच्या रांगेत स्वतःला उभं करून खचून जाऊ नकोस. ही सवय काही आठवड्यांत सुटू शकते. तू वाया गेलेला नाहीस. दिवसभर शिकून पाच तास पेट्या उचलणाऱ्या आणि तरी रात्री पुस्तक उघडणाऱ्या पोराला मी वाया गेलेला कसं म्हणू?

परीक्षा महिन्यावर आहे, तेवढा वेळ पुरतो. पण डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं नाही तर एकदम बंद करू नकोस, नाहीतर आठवडाभर डोकं धरून बसशील आणि सगळा राग सोडण्याच्या निश्चयावर निघेल. पहिली जाऊ दे ती अकराची. सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. पहिला आठवडा फक्त एवढंच, बाकी दोन चालू राहू देत. दुसऱ्या आठवड्यात गोदामातली अर्धी कर, उरलेली ओतून दे, झाकण लावून ठेवलीस तर ती आठला संपतेच. मग तीही बंद, त्या वेळी वाटलंच तर एक छोटा चहा, आणि तोही सहाच्या आधी. सकाळची शेवटी जाईल, तिच्या जागी चहा येईल, आणि दिवसाचे दोन-तीन चहा ठेवायला माझी काही हरकत नाही. मधे डोकं दुखलं तर भरपूर पाणी पी, थोडं पड. गोळी घ्यायचीच झाली तर मेडिकलवाल्याला विचारून घे, कारण डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येही कॅफिन असतं. ज्याला सोडायचं तेच गोळीतून पोटात जायचं.

अभ्यासाची वेळ बदलावीच लागेल, यातून सुटका नाही. दहाला सुटलास, साडेदहाला खोलीवर आलास, साडेअकराच्या आत झोपून जा. साडेपाचला ऊठ आणि लेक्चरच्या आधी दोन-अडीच तास वाच. चारचे अडीच झाले म्हणून घाबरू नकोस. ताज्या डोक्याचे अडीच तास आहेत ते. रूममेट रात्री जागत असतील, दिवा चालू असेल, तर डोळ्यांवर रुमाल बांध आणि त्यांना स्पष्ट सांग. दुपारी अभ्यासिकेत बाकावर डोकं टेकवून वीस मिनिटं झोपलास तरी चालेल, गजर लावून. रविवारी मात्र पोटभर झोप.

आता मला जे सगळ्यात जास्त खुपलं त्याबद्दल. तुझ्या पत्रात रात्रीचं जेवणच नाही. दुपारी जेवलेला पोरगा रात्री दहापर्यंत ओझी उचलतो आणि वडापाव खाऊन अभ्यासाला बसतो, मग अंगात त्राण येणार कुठून? तुला बाटली लागते कारण तू उपाशी आहेस. तीन बाटल्यांचे रोजचे साठ, महिन्याचे अठराशे रुपये होतात. तेवढ्यात रात्रीच्या जेवणाची बरीच सोय लागते. मेसच्या काकूंशी बोल. ‘काकू, कामावरून यायला उशीर होतो, माझा डबा काढून ठेवा,’ एवढं म्हटलंस तर आपल्याकडच्या काकू नाही म्हणत नाहीत. गोदामात जातानाच पाचला डबा घेऊन जा आणि आठच्या सुमारास पंधरा मिनिटांची सुट्टी मागून खा. भाकरी, पिठलं, उसळ, जे असेल ते. खिशात शेंगदाणे-गूळ किंवा फुटाणे ठेव. गावाकडून कुणी येणार असेल तर धपाटे मागव, दोन दिवस चांगले राहतात, दह्याबरोबर किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पोट भरतं. खोलीवर गॅस असेल तर मुरमुरे भिजवून सुशीला करायला दहा मिनिटं लागतात, एवढी सोपी गोष्ट तिघांतल्या एकाला तरी येत असेल. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुला माहीत आहे. पत्र्याच्या गोदामात बेचाळीस अंशांत घाम गाळल्यावर कॅफिन आणि साखरेचं पाणी हा उतारा नव्हे. साधं पाणी, मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत. दोन लिटरची बाटली भरून सोबत ठेव.

पैशाचं ओझं थोडं हलकं करता येतं का, तेही बघ. विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे, विद्यार्थी विकास विभागात जाऊन चौकशी कर. कॅम्पसमध्येच दिवसाउजेडी काम मिळालं तर गोदामाचे निदान काही दिवस कमी होतील. तू कोणत्या प्रवर्गातला हे लिहिलं नाहीस. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना. जेवण-राहण्याचे पैसे खात्यावर येतात. अटी आणि मुदती असतात, यंदा नाही जमलं तर पुढच्या शिक्षणासाठी माहिती असू दे. तुझ्या मागून येणाऱ्या गावच्या पोरांनाही सांग. अर्ज न भरल्यामुळे मागे राहिलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत आणि दर वेळी जीव हळहळतो.

रूममेटच्या शनिवारबद्दल थोडक्यात आणि कडकपणे. दारूत हे मिसळणं धोक्याचं आहे. कॅफिनमुळे झिंग चढल्याचं जाणवत नाही, म्हणून माणूस आणखी पितो, आणि आपण शुद्धीत आहोत असं समजून गाडीला किक मारतो. रक्तातली दारू कॅफिनने एक थेंबही कमी होत नाही. तो दारू सोडेल की नाही हे तुझ्या हातात नाही. पण त्या रात्री गाडीची चावी तुझ्या खिशात ठेवणं तुझ्या हातात आहे.

आणि भाऊ. अकरावीचा म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा, बाटलीवरची ‘लहान मुलांसाठी नाही’ ही ओळ त्याच्यासारख्यांसाठीच आहे. पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना ही पेयं विकायला बंदी केली. आपल्याकडेही शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकू देणार नाही, अशी घोषणा राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत केली. पण लातूरच्या क्लासच्या गल्लीत उभ्या असलेल्या त्या पोराला सरकारपेक्षा तुझं लवकर पटेल. फोनवर रागावू नकोस, आणि ‘आई-बाबा ऊस तोडतात आणि तू’ हे वाक्य तर अजिबात नको. ते तो रोज स्वतःला ऐकवतच असणार. त्याला विचार, कितीला झोपतोस, रात्री जेवतोस का, टेस्टमध्ये मार्क कमी पडलेत का. मग तुझ्या ब्युरेटची गोष्ट सांग. थोरल्या भावाचा हात थरथरतो हे त्याला ठाऊक नसेल. तू कमी करतो आहेस, तूही कर, दर रविवारी एकमेकांना आकडा सांगू, असं ठरवा.

सरांनाही एकदा भेट. त्यांच्या लक्षात आलं म्हणजे ते तुझ्याकडे बघतात. काय कारण आहे ते सांगितलंस तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी प्रयोगशाळेत थोडा सराव करू देतील कदाचित. शिक्षकांना पोरं खोटं बोलतात याचा त्रास होतो, अडचण सांगतात याचा होत नाही.

पेपरच्या दिवसांत एक पथ्य पाळ: काही नवं करू नको. त्या आठवड्यात जेवढा चहा घेत असशील तेवढाच घे. ‘आज एकच दिवस’ म्हणून कुणी गेटवर बाटली हातात दिली तर नको म्हण. सुटत आलेल्या सवयीत ती जास्तच चढते, आणि तीन तास हात स्थिर लागतो. सकाळी पोहे-उपमा काहीतरी खाऊन जा, पाण्याची बाटली जवळ ठेव.

ईसीजी झाला की डॉक्टर काय म्हणाले ते कळव. भावाचंही लिही.

तुझी,
ताई